कडेचा समुद्र

नोव्हेंबर लागला की वाळवंटातल्या मेहिकाली शहरातली माणसं पुन्हा माणसांत येतात. सगळा उन्हाळा कूलरसमोर बसून एकमेकांवर खेकसणारी मंडळी दारात खुर्च्या टाकतात, शेजाऱ्याच्या गुडघ्याची चौकशी करतात, झोपताना अंगावर काहीतरी ओढून घेतात. डेल्फिना आर्सेचं उलट होतं. सगळा उन्हाळा ती गुमान काढायची आणि थंडी पडली की बिघडायची. तिच्या पायाला भिंगरी लागायची. चुलीवर बीन्स ठेवून ती अंगणात जायची, अंगणात उभ्या असलेल्या जुन्या व्हॅनचं दार उघडायची, आतल्या पेट्या इकडच्या तिकडे करायची आणि बीन्स करपल्याचा वास आला की धावत आत यायची.

ही व्हॅन तिच्या नवऱ्याने, कूकोने, निवृत्त झाल्यावर घेतली होती. खरं नाव रेफुगियो, पण त्या नावाने त्याला फक्त पाद्री आणि पोलीस हाक मारायचे. कूकोने जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवली, उत्तरेच्या सरहद्दीपासून खाली ला पाझपर्यंत, वाळवंटातून आणि समुद्राच्या काठाने, जाऊन-येऊन, जाऊन-येऊन. "निवृत्त झालो की तुला नेईन," तो म्हणायचा. "हिवाळ्यात. सावकाश. जिथे वाटेल तिथे थांबू, वाळूवर झोपू." निवृत्त झाल्यावर त्याने व्हॅनमध्ये फळ्या ठोकून पलंग केला, भांड्यांना खण केले, छताला दोरीचं जाळं बांधलं. आता हा तिसरा हिवाळा होता आणि व्हॅन अजून फाटकाबाहेर गेलेली नव्हती.

पहिल्या हिवाळ्यात गिअरबॉक्स आडवा आला. दुसऱ्या हिवाळ्यात मुलगी, यादिरा, बाळंतपणाला आली. गिअरबॉक्स दुरुस्त झाला, बाळ रांगायला लागलं. या वर्षी आडवं यायला काहीच उरलं नव्हतं, आणि म्हणूनच डेल्फिनाचा जीव थाऱ्यावर नव्हता.

रोज जेवण झालं की कूको टेबल पुसायला लावायचा आणि नकाशा पसरायचा.

"एल रोसारियोला टाकी काठोकाठ भरायची," तो सांगायचा. "त्याच्यापुढे पंप नाही. काताविन्याला पिंपातून विकतात, पण त्याचा भरवसा नाही."

"माहीत आहे. गेल्या वर्षीही तिथेच भरली होती आपण," डेल्फिना म्हणायची. "त्याच्या आदल्या वर्षीही. याच टेबलावर बसून."

"चेष्टा नको. वाळवंट आहे ते."

"मग चल ना वाळवंटात! इथे समुद्र म्हणून नुसता टेबलावर सांडलेल्या मिठाचा खारटपणा."

कूको हसायचा आणि पुढे सरकायचा. काताविन्याला मोठाल्या धोंड्यांच्या आड मुक्काम, म्हणजे वारा लागणार नाही. तिथे पहाटे पाणी गोठतं, तेव्हा वाघाचं चित्र असलेलं जाड ब्लँकेट हवंच. गेरेरो नेग्रोला देवमासे बघायचे. सान इग्नासियोला खजूर घ्यायचे. मग सांता रोसालिया, मग मुलेहे. मुलेहेचं नाव आलं की डेल्फिनाच्या हातातलं काम थांबायचं, कारण मुलेहेच्या पुढे जो उपसागर लागतो त्याच्या काठी, चार झोपड्यांच्या वाडीत, ती जन्मली होती.

"नवा रस्ता सान फेलिपेवरून जातो म्हणतात," ती एकदा म्हणाली. "वेळ वाचतो. यादिराचा नवराच सांगत होता."

"जावईबापूंना काय कळतंय! आपण जुन्यानेच जायचं. ला रुमोरोसाच्या घाटाने."

"का पण?"

"तो मला पाठ आहे म्हणून."

हे बोलताना त्याचं बोट नकाशावर फिरत होतं आणि ते बोट, डेल्फिनाने नीट पाहिलं, रस्ता सोडून निळ्या रंगात शिरलं होतं.

"म्हाताऱ्या, तुझी गाडी समुद्रात बुडाली."

कूकोने बोट उचललं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "घाटात ब्रेक लागला नाही," तो म्हणाला, आणि नकाशाची घडी घातली.

डेल्फिना हसली, पण रात्री तिला झोप लागेना. नवऱ्याचं काय चाललंय ते तिला समजत नव्हतं. यंदा तो पार बदलला होता. कोपऱ्यावरच्या डॉमिनोजच्या सोंगट्यांच्या अड्ड्यावर जाणं त्याने बंद केलं होतं. छोट्या गाडीची किल्ली तिच्या हातात देऊन तो बाजूला बसायचा. म्हणे जन्मभर चालवली, आता तू चालव. व्हॅनचं इंजिन महिनोन्महिने चालू केलं नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो आता तिच्याशी नजरेला नजर देऊन बोलत नव्हता. ती समोर उभी असली की हा पठ्ठ्या खिडकीकडे बघत बोलायचा, नाहीतर फ्रिजकडे.

तिने हे नणंदेला सांगितलं. तेंचा, कूकोची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि दिवसातून दोनदा येऊन जायची, एकदा कॉफी प्यायला आणि एकदा मत द्यायला.

"बाप्या तोंड फिरवून बोलायला लागला की समजून जावं," तेंचा म्हणाली.

"काय समजावं?"

"ते मी कशाला सांगू? माझा भाऊ आहे तो."

"ताई, या वयात त्याला कोण विचारतंय?"

"तुझा बापही म्हणाला असेल, येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरला कोण विचारतंय, सांता रोसालियाच्या खाणावळीत तुला वाढायला ठेवली तेव्हा."

ते खरंच होतं. ती एकवीस वर्षांची असताना त्या खाणावळीत वाढपी होती. कूकोची बस तिथे दहा मिनिटं थांबायची. त्या दहा मिनिटांत प्रवासी मुतारीकडे धावायचे आणि ड्रायव्हर काउंटरवर बसून वाढणारीकडे टक लावून बघायचा. दहा-दहा मिनिटांच्या हप्त्यांनी त्यांचं लग्न जमलं होतं. तेव्हा त्याची नजर हटत नव्हती, म्हणून तर तिला पटलं होतं की हा माणूस खरा आहे.

बाईची भानगड तिच्या मनाला पटली नाही. तिला दुसरंच वाटत होतं, आणि ते जास्त लागत होतं. तिला वाटत होतं की याला जायचंच नाही. आयुष्यभर तोच रस्ता तुडवून हा कंटाळला आहे, पण तोंडाने कबूल करायची छाती नाही. म्हणून रोज नकाशा मांडायचा आणि रोज घडी घालायची. आणि ती? ती लग्नानंतर दोनदाच माहेरी गेली होती. एकदा बाप गेला तेव्हा, एकदा आई. दोन्ही वेळा कूकोच्याच बसने, रात्री, मागच्या सीटवर. समुद्र आला तेव्हा अंधार होता. तिला त्या वाळूवर एकदा झोपायचं होतं. ओहोटीला शिंपल्या उकरायच्या होत्या, वाळूत उभ्या खोचून वरून काटक्या पेटवायच्या होत्या, बाप करायचा तशा, आणि बोटं भाजत खायच्या होत्या. मागणं काही फार मोठं नव्हतं. तिचेही गुडघे आता कुरकुरत होते; अजून दोन हिवाळे असेच गेले तर वाळूतून उठवायला माणूस लागला असता.

डिसेंबरात तिने एकदा सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. "तारीख सांग," ती म्हणाली. "आता नाताळ सांगू नकोस, नवं वर्ष सांगू नकोस. तारीख."

कूको फ्रिजकडे बघत होता. "तीन राजांचा सण होऊ दे. घरात सगळे जमतात. मग आठ जानेवारीला निघू."

"शब्द?"

"शब्द."

ड्रायव्हरचा शब्द म्हणून तिने तो घेतला. त्याची बस जन्मात कधी उशिरा सुटली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिने भरायला सुरुवात केली. वाळवलेलं मांस, मैद्याच्या रोट्या, कॉफी, पाण्याचे कॅन, गॅसची शेगडी, घडीच्या खाटा. भरायची, काढायची, पुन्हा भरायची. शेजारीण भिंतीवरून विचारायची, "काय गं, आलात की चाललात?"

सहा जानेवारीला तेंचा रोस्का घेऊन आली. रोस्का म्हणजे राजांच्या सणाचा गोल पाव, मधे भोक, वर साखर आणि फळांच्या रंगीत चकत्या, आणि पोटात कुठेतरी लपवलेलं बोटाच्या पेराएवढं पांढरं बाळ येशू, प्लास्टिकचं. ज्याने त्याने सुरी घेऊन आपला तुकडा आपणच कापायचा. ज्याच्या तुकड्यात बाळ निघालं तो त्या बाळाचा पालक, आणि त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्या गोतावळ्याला तमाल खाऊ घालायचे. तमाल करायचे म्हणजे आदल्या दिवशीपासून कंबर मोडते. मक्याचं पीठ चरबीत फेटा, पानं भिजवा, सारण शिजवा, शेकड्याने बांधा, उकडा. त्यामुळे हा सण भक्तीचा कमी आणि लबाडीचा जास्त. सुरी हळूच टोचून बघायची, कट्ट् वाजलं की बाजूला सरकायचं. बाळ गालात दाबून धरणारे असतात. गिळून मोकळे झालेलेही असतात.

या लबाडीत कूकोचा हात धरणारा घराण्यात नव्हता. इतक्या वर्षांत बाळ एकदाही त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. तो ताट फिरवायचा, पावाकडे सगळ्या बाजूंनी बघायचा, साखरेवरची भेग हेरायचा. "घारीचा डोळा आहे मेल्याचा," तेंचा म्हणायची.

दुपारी सगळे टेबलाभोवती बसले. तेंचाने कापलं, कोरं निघालं. डेल्फिनाने कापलं, कोरं. यादिराने कापलं, कोरं. मग जावयाने सुरी चालवली आणि तुकडा उचलला तेव्हा उरलेल्या पावाच्या कापलेल्या तोंडातून एक पांढरा पाय बाहेर आला. अख्खा पाय, मांडीपासून. जावई थोडक्यात बचावला होता. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळे गप्प बसले, कारण आता पाळी कूकोची होती आणि हा लबाड काय करतो ते बघायचं होतं. पाव गोल होता. दुसऱ्या बाजूने कापायला त्याला मोकळं रान होतं.

कूकोने ताट फिरवलं नाही. सुरी उचलली, हाताने पावाचं टोक चाचपलं आणि पायासकट जाडजूड तुकडा कापून घेतला.

"आजोबा, पाय!" यादिराची थोरली रेनाता ओरडली. तिच्या आईने तिच्या तोंडावर हात दाबला.

"पाय? कुणाचा पाय?" कूको हसत म्हणाला, आणि त्याने मोठा घास घेतला. दाताखाली कट्ट् वाजलं.

मग जो हलकल्लोळ झाला तो विचारू नका. जावई टेबल बडवत होता. तेंचा हसून हसून डोळे पुसत होती. "सापडला! सापडला चोर! इतक्या वर्षांचं एकदम फेडलं देवाने! दोन फेब्रुवारी, कूको. लाल मिरचीतले डुकराचे, आणि मला मनुका घातलेले गोड. आणि चरबीतच करायचे, ते डब्यातलं लोणी मला चालत नाही."

"अहो ताई, पण आम्ही परवा निघतोय," डेल्फिना म्हणाली.

"कसलं निघताय? बाळ निघालं म्हणजे निघालं. देवाचं लेकरू पदरात पडलं आणि तुम्ही ते टाकून समुद्रावर लोळणार?"

डेल्फिनाने नवऱ्याकडे पाहिलं. तो तोंडातून काढलेलं बाळ बोटांत फिरवत होता. "नियम म्हणजे नियम," तो म्हणाला. "फेब्रुवारीनंतर बघू." आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता, शाळेला सुट्टी मिळालेल्या पोराच्या चेहऱ्यावर असतो तसा. तो भाव तिला दिसला आणि तिच्या अंगाची लाही झाली.

ती उठली, अंगणात गेली आणि व्हॅनचं मागचं दार उघडलं. वाघाचं ब्लँकेट बाहेर फेकलं. खाटा फेकल्या. पाण्याचे कॅन एकामागून एक सिमेंटवर आपटले. आतलं हसणं थांबलं. थोड्या वेळाने कूको बाहेर आला, कॅनला अडखळला, सावरला.

"काय करतेयस?"

"सामान काढतेय. कुठे जायचंच नाही तर कशाला भरून ठेवू? उंदरांना?"

"डेल्फिना, अगं बाळ निघालं त्याला मी काय—"

"निघालं? त्याचा पाय बाहेर आला होता! तुझ्या नाकासमोर! रेनाताला दिसला, सगळ्या टेबलाला दिसला. जन्मात कधी बाळ घेतलं नाहीस आणि आज बरोबर तोच तुकडा? मुद्दाम घेतलास तू. जायचं नव्हतं तर तोंडाने सांगायचं होतं. देवाच्या लेकराला कशाला मधे घातलंस?"

"हो," तो म्हणाला. "मुद्दाम घेतला."

"माझ्याकडे बघून बोल."

"बघतोय."

"भिंतीकडे बघतोयस! तीन महिने झाले, मी बघतेय. खिडकी, फ्रिज, भिंत. मला काय महारोग झालाय? लग्नाची बायको आहे मी. माझ्याकडे बघ आणि सांग की नाही जायचं!"

कूकोची मान खाली गेली. मग त्याने ती वर केली आणि सावकाश बाजूला वळवली, शेजारणीच्या भिंतीकडे, आणि तिथेच ठेवली.

"तुला बघायचं तर मला भिंतीकडेच बघावं लागतं, डेल्फिना."

तिला आधी वाटलं हा काहीतरी फिरवून बोलतोय. तिच्या हातात कॉफीचा डबा होता, फेकायला उचललेला. तो हातातच राहिला.

"समोरचं जातं," तो म्हणाला. "जिथे बघावं तिथे डाग येतो. तुझ्या तोंडाकडे बघितलं तर तोंड जातं. भिंतीकडे बघितलं की तू कडेला दिसतेस. केस दिसतात. कानातलं चमकतं ते दिसतं."

"आणि तोंड?"

"अंदाजाने."

तो ऑक्टोबरात एकटाच जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरला भेटला होता, दाढ दुखते सांगून. डॉक्टरने सांगितलं की मधलं गेलं ते परत यायचं नाही, उलट डाग वाढेल. कडेचं राहील. गाडी मात्र आजपासून बंद.

डेल्फिना व्हॅनच्या पायरीवर बसली. नकाशात बुडालेलं बोट, बंद पडलेले डॉमिनोज, छोट्या गाडीची किल्ली, जुनाच रस्ता, सगळं तिच्या डोक्यात एकदम जागेवर बसलं. आणि तो पाय. पाय दिसला असता तर या लबाड माणसाने तो तुकडा जन्मात घेतला नसता; मुद्दाम घेतला म्हणाला तेही खोटंच. तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो संतापच.

"मग मला का नाही सांगितलंस? मी रोज वेड्यासारखी पेट्या भरतेय आणि तू रोज नकाशा मांडतोयस! कशासाठी?"

"नकाशा मांडला की मी चालवतच असायचो," कूको म्हणाला. "डोळे मिटले तरी तो रस्ता दिसतो मला. तेवढाच दिसतो नीट. तुला सांगितलं असतं तर तोही बंद झाला असता." मग म्हणाला, "मी तुला नेईन म्हणालो होतो. ड्रायव्हर म्हणून. सामानासारखा बाजूला पडून नाही."

"सामानासारखा? आणि मी कशी गेले होते? दोनदा. तुझ्याच बसमध्ये, मागच्या सीटवर, पडदा ओढून. बाप गेला तेव्हा कुणी विचारलं मला, की डेल्फिना, समुद्र बघायला थांबू का?"

"वेळापत्रक होतं गं."

"आता आहे का?"

तिने हात पुढे केला. "किल्ली दे."

"वेडी आहेस का? तो काय बाजारात जायचा रस्ता आहे? अरुंद आहे. कडेला जागा नाही. समोरून ट्रक आला की आरसे आरशाला घासतात."

"पंधराव्या वर्षी मी बापाचा ट्रक ओहोटीच्या वाळूवरून चालवत होते, मासळी भरून. तुझ्या सडकेवर निदान भरती येत नाही."

"ला रुमोरोसाच्या घाटात—"

"सांग ना. घाटात काय?"

त्याने डोळे मिटले. "चढ संपला की गिअर खाली घ्यायचा, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही," तो म्हणाला. "उजवीकडे निळा क्रॉस दिसेल. त्याच्यापुढचं वळण खोटं आहे. सरळ वाटतं आणि आत वळतं. तिथे मी नेहमी..." त्याचा उजवा पाय सिमेंटवर हलकेच दबला. तो सांगत गेला आणि ती ऐकत गेली. तिला आता ठाऊक झालं होतं की आपल्याला काय करायचंय.

दोघं आत गेली तेव्हा टेबलावर सगळे मुकाट्याने साखर चिवडत होते.

"तमाल मिळतील," डेल्फिनाने सांगितलं. "दोन तारखेला. मुलेहेहून. मी तिथे बांधीन, आणि कूकोच्या जुन्या दोस्तांच्या बसने पाठवीन. गरम करून खा."

"बसमधून? देवाचे तमाल?" तेंचा कडाडली. "डिकीत, बॅगांच्या बरोबर? आणि तू, कूको, उभा राहून ऐकतोस? जाऊ दे, तुला पळायचंच आहे..."

"ताई, मला पाय दिसला नाही," कूको म्हणाला.

तेंचाचं तोंड उघडं राहिलं. तो कॅलेंडरकडे बघत होता आणि कॅलेंडरच्या डावीकडे तेंचा बसली होती. त्याने थोडक्यात सांगितलं. यादिरा तोंडावर हात ठेवून उठली. तेंचाने छातीवर क्रॉस काढला, एकदा, दोनदा, आणि मग तिचा आवाज पार फाटला.

"मग मला सांगायचं नाही का गाढवा? मी घेतला असता तो तुकडा!"

आठ तारखेला उजाडताना व्हॅन फाटकाबाहेर पडली. फाटकाचा खांब डाव्या बाजूने जरासा खरवडला. कूको काही बोलला नाही, हे डेल्फिनाने लक्षात ठेवलं. घाटात ती घामाघूम झाली. निळा क्रॉस आला, खोटं वळण आलं, आणि ती शिव्या घालत आत वळली. एल रोसारियोला टाकी भरली, या खेपेला खरीखुरी. काताविन्याला धोंड्यांच्या आड झोपले आणि पहाटे भांड्यातलं पाणी खरोखरच गोठलेलं निघालं. वाघाच्या ब्लँकेटखाली दोघांनी एकमेकांचे गारठलेले पाय लाथाडले. भांडणं रोज होत होती. "खड्डा होता म्हणून सांगायला काय झालं?" "माझ्या वेळी नव्हता!" देवमासे बघायला होडीत बसले, तेव्हा एक अजस्र शेपटी कूकोच्या अगदी समोर वर आली आणि ती सोडून बाकी सगळा समुद्र त्याला दिसला. त्यावर त्याने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली आणि डेल्फिनाला आपण कशाला आलो असं झालं.

मुलेहे सुटल्यावर मात्र तिचे हात चाकावर ओले झाले. रस्ता डोंगराला चिकटून वळणं घेत होता आणि समोरून ट्रक येत होते. आरसे खरंच घासतील असं वाटत होतं. तिला मान वळवायची सोय नव्हती.

"आता चढ," कूको म्हणाला. "आता उतार. हात घट्ट. पुढचं वळण संपलं की डावीकडे."

"काय डावीकडे?"

"तुझा समुद्र."

वळण संपलं. तिच्या डाव्या गालाला उजेड लागला. तिला तो कळला, पण बघता आला नाही. समोरून लाल ट्रक येत होता, तिने दात आवळून पांढरी रेघ धरून ठेवली होती. इतके हिवाळे ज्याच्यासाठी काढले तो हातभर अंतरावर होता आणि तिचे डोळे सडकेवर. बसच्या काचेतून जन्मभर कूकोचेही तिथेच असायचे.

"कूको," ती म्हणाली, "दिसतोय का तुला?"

कूको तिच्या उजवीकडे सरळ बसला होता, ताठ, मांडीवर हात ठेवून, नजर समोर सडकेच्या मधोमध, नेहमी चालवताना बसायचा तसाच. सडक त्याला दिसत नव्हती. तिच्या जागी डाग होता, आणि डागाच्या डाव्या कडेला डेल्फिनाचं कानातलं चमकत होतं, आणि त्याच्या मागे खालपर्यंत सगळं निळं.

"दिसतोय," तो म्हणाला. "तू सडक बघ. मी सांगतो."